हिंदीतून मराठी करताना सारखे दिसणारे शब्द कसे तपासायचे

हिंदीतून मराठीत अनुवाद करणाऱ्याला अनोळखी शब्द सहसा फसवत नाही. ‘सैलाब’ किंवा ‘गुंजाइश’ समोर आला की हात आपोआप कोशाकडे जातो. फसवतात ते ओळखीचे: शिक्षा, आपत्ति, इशारा, अवकाश. लिपी तीच, उच्चार तोच, त्यामुळे डोळा थांबतच नाही आणि शब्द जसाच्या तसा मराठी वाक्यात जाऊन बसतो. म्हणून कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करावी: ज्या शब्दासाठी कोश उघडायची गरज वाटत नाही, तोच आधी तपासायचा.

पुढची पद्धत बातमी, कार्यालयीन पत्रक, औषधासोबतची सूचना, पाककृती, जाहिरात, मालिकेचे संवाद या सगळ्यांना लागू पडते.

आधी फक्त खुणा

अनुवाद सुरू करू नका. मूळ मजकूर एकदा पेन्सिल घेऊन वाचा. संस्कृतातून आलेल्या प्रत्येक भाववाचक नामाखाली एक रेघ. फारसी-अरबीतून आलेल्या प्रत्येक कचेरीच्या किंवा कोर्टाच्या शब्दाखाली दोन रेघा. नात्याच्या शब्दांना आणि ‘आप’, ‘हम’, ‘कल’ यांना गोल. एका पानाला दहा मिनिटे पुरतात, आणि पुढचा दुरुस्तीचा बराच वेळ वाचतो.

रेघा वेगवेगळ्या ठेवायचे कारण आहे. दोन गटांत अर्थ वेगळ्या वाटांनी फाकले. फारसी-अरबी शब्द मराठीत मुख्यतः राज्यकारभारातून आले. बहमनी आणि नंतरच्या शाह्यांचे दफ्तर, महसूल, न्यायनिवाडा यांतून ते रुळले. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राजव्यवहारकोशाचे काम सोपवले ते याच शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्यामुळे मराठीत या शब्दांचा अर्थ बहुधा कचेरीकडे झुकतो. हिंदीत तेच शब्द उर्दूच्या रोजच्या बोलण्यातून आले, म्हणून त्यांचा अर्थ सैल आणि घरगुती राहिला. हिंदीत ‘खून’ अंगात वाहतो, मराठीत खुनाचा गुन्हा दाखल होतो. अरबीत पुनरावृत्ती असा अर्थ असलेला ‘तकरार’ हिंदीत भांडण झाला आणि मराठीत अर्ज लिहून करायची तक्रार. ‘रज़ा’ तिकडे संमती, इकडे रजा म्हणजे सुट्टी. ‘तालीम’ तिकडे शिक्षण. इकडे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाची पूर्वतयारी.

‘राजीनामा’ तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. शब्दशः तो राजी असल्याचा लेख. हिंदीत ‘राज़ीनामा’ म्हणजे दोन पक्षांतला समेट. कोर्टाच्या बातम्यांत ‘दोनों पक्षों में राज़ीनामा हो गया’ असे वाक्य सर्रास येते. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा द्यायचा आणि घेणारा कबुलायत, म्हणजे कबुलीचा लेख, लिहून द्यायचा. सोडण्याशी जोडलेला तो अर्थ मराठीत पक्का झाला, म्हणून आपल्याकडे मंत्री राजीनामा देतो. हिंदीतला मंत्री ‘इस्तीफ़ा’ देतो. ‘दोन्ही पक्षांत राजीनामा झाला’ असे छापले तर वाचक कोणी पद सोडले ते शोधत बसेल. तिथे ‘तडजोड झाली’ किंवा ‘समेट झाला’ हवे.

संस्कृत शब्दांची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात नवी प्रशासकीय, शालेय आणि वृत्तपत्री परिभाषा घडवताना दोन्ही भाषांनी एकाच भांडारातून वेगवेगळे शब्द उचलले. त्यामुळे एका बाजूचा शब्द रिकामा झाला की दुसऱ्या बाजूला तो भलत्याच कामाला लागलेला दिसतो. इथे एकेकटा शब्द तपासून भागत नाही, पूर्ण साखळी तपासावी लागते.

साखळी कशी सोडवायची

हिंदी शब्दाचा मराठी प्रतिशब्द सापडला की तिथे थांबू नका. तो मराठी शब्द हिंदीत काय सांगतो तेही पाहा, कारण मूळ मजकुरात तोही कुठेतरी वेगळ्या अर्थाने येणारच.

‘आपत्ति’ घ्या. ‘मुझे कोई आपत्ति नहीं’ म्हणजे ‘माझी काही हरकत नाही’. आता ‘हरकत’. हिंदीत ‘ऐसी हरकत मत करो’ म्हणजे ‘असले चाळे करू नकोस’. बातमीत ‘शर्मनाक हरकत’ म्हणजे ‘लाजिरवाणे कृत्य’. मग मराठीतली आपत्ती कुठे गेली? तिला हिंदीत ‘आपदा’ म्हणतात: ‘आपदा प्रबंधन’ म्हणजे आपत्ती व्यवस्थापन. तीन शब्द, प्रत्येक एकेक घर सरकलेला. एखाद्या विकास आराखड्याच्या नोटिशीत ‘आपत्तियाँ और सुझाव आमंत्रित’ असेल तर मराठीत ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’. ‘आपत्ती मागवण्यात येत आहेत’ असे वाक्य कुणी मुद्दाम लिहीत नाही, पण घाईत लिहिले जाते.

‘इशारा’ची साखळीही अशीच. हिंदी ‘इशारा’ म्हणजे खूण, संकेत: ‘उसने आँखों से इशारा किया’, त्याने डोळ्यांनी खुणावले. मराठीत हवामान खाते इशारा देते, धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. त्याला हिंदीत ‘चेतावनी’ म्हणतात. ‘चेतावणी’ असे रूप हल्ली फोनच्या पडद्यावर आणि पाकिटांवर दिसते, पण मराठीत चेतवणे म्हणजे पेटवणे, भडकवणे. जीव वाचवायची सूचना असेल तिथे ‘इशारा’ किंवा ‘धोक्याची सूचना’च लिहावी, वाचकाला क्षणभरही थांबायला लागू नये.

‘शिक्षा’ सगळ्यांना ठाऊक आहे: तिकडे शिक्षण, इकडे दंड. तरीही ‘शिक्षा मंत्री’ मराठी मजकुरात घसरतोच, कारण पदनामे नाव समजून तशीच उचलली जातात. हिंदी ‘सज़ा’ म्हणजे मराठी शिक्षा. मराठी सजा मात्र तलाठ्याचे कार्यक्षेत्र.

‘गर्व’ आणि ‘अभिमान’ यांनी तर जागांची अदलाबदल केली आहे. हिंदीत ‘मुझे गर्व है’ हे चांगल्या भावनेने म्हणतात आणि अभिमान बहुधा अहंकाराकडे झुकतो. मराठीत अभिमान बाळगायचा असतो आणि गर्व उतरवायचा असतो. ‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण हिंदी डोळ्यांनी वाचली तर दोन शब्दांवर चुकते: गर्व चांगला वाटतो, आणि घर रिकामे. जाहिरातींमुळे ‘गर्व आहे’ मराठीतही शिरले आहे. माझे मत स्पष्ट आहे: तयार घोषणा उद्धृत करायची असेल तर तशीच ठेवा, स्वतःच्या वाक्यात अभिमानच लिहा. तो अर्थ सांगणारा धडधाकट शब्द हाताशी असताना गर्वाची वाईट छटा पुसून टाकण्यात मराठीचे नुकसान आहे.

बाकीचे भराभर: ‘समझाने की चेष्टा’ म्हणजे समजावण्याचा प्रयत्न, थट्टा नव्हे. ‘यंत्रणा झेलना’ म्हणजे यातना सोसणे. ‘सारे संसार में’ म्हणजे साऱ्या जगात. ‘शांति वार्ता’ म्हणजे शांततेच्या वाटाघाटी. ‘घटना’ दोन्हीकडे प्रसंग, पण मराठीत ती राज्यघटनाही असते, म्हणून ‘घटना के बाद संशोधन’ अशा जोडीत जपून. शिवाय हिंदी ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती आणि मराठी संशोधन म्हणजे हिंदीचे ‘शोध’ किंवा ‘अनुसंधान’. ‘संविधान संशोधन’ म्हणजे घटनादुरुस्ती.

कोणता कोश कशासाठी

एकच कोश पुरत नाही. हिंदी अर्थासाठी काशीच्या नागरीप्रचारिणी सभेचा ‘हिंदी शब्दसागर’, आणि उर्दूकडून आलेल्या शब्दांसाठी प्लॅट्सचा १८८४ चा उर्दू-हिंदी-इंग्रजी कोश. मराठी अर्थासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती १८५७, आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. हे चारही शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संग्रहात फुकट शोधता येतात.

मोल्सवर्थ वापरताना दोन अडचणी येतात. त्यात जुने लेखन आहे, म्हणून क्रियापद ‘करणे’ असे टाकले तर मिळत नाही. शेवटी अनुस्वार देऊन ‘करणें’ टाका. दुसरे, ऱ्हस्व-दीर्घ. हिंदी ‘आपत्ति’, ‘शक्ति’, ‘नीति’ यांचा शेवट ऱ्हस्व. आजच्या मराठी नियमांत तो दीर्घ. जुन्या कोशांत पुन्हा ऱ्हस्व. शब्द नाही असे समजण्यापूर्वी दोन्ही रूपे टाकून पाहा. शब्दापुढे लिंग आणि मुळाची खूण असते: एस संस्कृत, पी फारसी, ए अरबी, एच हिंदी. पहिल्या फेरीत रेघ एक द्यायची की दोन याची शंका असेल तर ती इथे फिटते.

मोल्सवर्थ शब्दाचा इतिहास चांगला सांगतो, आजचा वापर नाही. १८५७ साली नव्हत्या त्या गोष्टींचे अर्थ त्यात कुठून असणार? प्रशासनाच्या शब्दांसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे ‘पदनाम कोश’ आणि ‘शासन व्यवहार कोश’ पाहावेत. हिंदीचे ‘आकस्मिक अवकाश’ तिथे नैमित्तिक रजा होते. मराठीत अवकाश म्हणजे अंतराळ किंवा उरलेला वेळ. कर्मचारी आकस्मिक अवकाशात जात नाही.

जालावर पडताळा

कोशानंतर चालू वापर. इथे एक अडचण नेहमी येते: ‘इशारा’ नुसता शोधला तर हिंदी पानेच वर येतात, कारण लिपी एक. शब्द मराठी विभक्तीत घालून, अवतरणचिन्हांत शोधा: “इशाऱ्याकडे”, “शिक्षेची”, “हरकतींवर”. सामान्यरूप हिंदीत असे होत नाही, त्यामुळे चाळणी आपोआप लागते. ‘ऱ्या’ किंवा ‘ळ’ असलेला एखादा शब्द जोडीला दिला तर अजून बरे.

निकालांत शब्दाचे शेजारी पाहा. मराठीत इशारा देतात, हरकत घेतात किंवा नोंदवतात, शिक्षा ठोठावतात किंवा भोगतात, रजा टाकतात, समाचार घेतात. हिंदी वाक्यातले क्रियापद आणि हे क्रियापद जुळत नसेल तर अर्थ बहुतेक वेगळा आहे. ‘समाचार’ची चाचणी अशीच होते: हिंदीत ‘समाचार मिला’ म्हणजे बातमी कळली, मराठीत कुणाचा समाचार घेतला म्हणजे त्याची खरडपट्टी काढली.

लिंग आणि विभक्ती

अर्थ बरोबर निवडूनही वाक्य हिंदी वाटते ते बहुतेक वेळा इथे. आत्मा, देह, विजय, आवाज, मृत्यू हे हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. व्यक्ती उलट. पुस्तक तिकडे स्त्रीलिंगी, इकडे नपुंसकलिंगी. ‘संघाची विजय’, ‘तिची आवाज’ असली रूपे डबिंगच्या संहितेत शोधून काढावी लागतात. ‘ची’ आणि ‘झाली’ यांच्या आसपासचे प्रत्येक नाम एकदा तपासा.

विभक्तीतला सगळ्यात मोठा दोष एकच: ‘मेरी मदद करो’चे ‘माझी मदत कर’. मराठीत मला मदत कर.

आजारपण आणि स्वयंपाक

औषधाच्या कागदावर चूक झाली तर ती चालवून घेता येत नाही. ‘दवा खाली पेट लें’ म्हणजे औषध उपाशीपोटी घ्या. ‘दस्त’ म्हणजे जुलाब. आजच्या मराठीत दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे जातात. ‘टीका’ म्हणजे लस. मराठीत टीका म्हणजे दोष दाखवणे, किंवा ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका या अर्थाने भाष्य. ‘टीका लगने के बाद बुखार या दस्त हो तो घबराएँ नहीं’ याचे मराठी: ‘लस घेतल्यावर ताप आला किंवा जुलाब झाले तर घाबरू नका.’ औषध हिंदीत घेतात आणि खातातही, मराठीत फक्त घेतात.

पाककृतीत नामापेक्षा क्रियापद घात करते. हिंदी ‘उबालना’ एकच; मराठीत पाणी उकळतो, बटाटे उकडतो, डाळ शिजवतो. ‘आलू उबालें’चे ‘बटाटे उकळा’ केले तर कळते, पण स्वयंपाक करणारा माणूस असे बोलत नाही. ‘भूनना’ही तसेच: शेंगदाणे आणि रवा भाजायचे, कांदा आणि वाटण परतायचे. ‘पकना’ हिंदीत फळालाही आणि भातालाही. मराठीत आंबा पिकतो आणि भात शिजतो. ‘चावल’ दुकानातला असेल तर तांदूळ, ताटातला असेल तर भात. ‘दो कप चावल धो लें’ म्हणजे तांदूळ. ‘धान’ शेतातला असेल तर मराठीत पुन्हा भातच, म्हणून शेतीच्या मजकुरात भातपीक असे उघड लिहावे. ‘आटा गूँथें’ म्हणजे कणीक मळा. ‘सामग्री’ला मराठी पाककृतीत साहित्य म्हणतात, उलट अनुवाद करताना तेच साहित्य हिंदीत वाङ्मय होऊन बसते.

माणसे

हिंदीतला दादा आजोबा असतो, मराठीतला दादा मोठा भाऊ. ‘दादाजी’चा दादा करणारा अनुवादक एक पिढी गिळतो. नाना-नानी आणि दादा-दादी हा फरक मराठीत एका शब्दात होत नाही, दोघेही आजी-आजोबा. कथेला फरक हवा असेल तर ‘आईकडचे आजोबा’ असे एकदाच सांगावे, पुढे नुसते आजोबा. ‘जेठ’ आणि ‘देवर’ दोघेही दीर, गरज असेल तिथे थोरले दीर, धाकटे दीर. हाक मारताना मात्र भावोजी.

‘आप’ला डोळे मिटून ‘तुम्ही’ करू नका. हिंदी घरांत आईलाही ‘आप’ म्हणतात. मराठीत ‘आई, तू बस’ हेच स्वाभाविक. ‘आई, आपण बसावे’ म्हटले की प्रेक्षकाला ती राजवाड्यातली आई वाटते. वडिलांना तू की तुम्ही हे घराघरावर अवलंबून; पहिल्या भागात ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

‘हम’ सगळ्यात कठीण. मराठीत आम्ही आणि आपण वेगळे: ऐकणारा धरला तर आपण, वगळला तर आम्ही. ‘हम कल जाएँगे’ हे वाक्य कोण कुणाला म्हणते ते कळेपर्यंत अनुवाद करताच येत नाही. भावाने भावाला म्हटले तर ‘आपण उद्या जाऊ’, पाहुण्याने यजमानाला म्हटले तर ‘आम्ही उद्या जाऊ’. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे पात्र असेल तर ‘हम’ म्हणजे नुसते मीही असू शकते. नुसत्या संवादांची यादी हातात असेल तर दृश्य मागवून घ्या.

‘कल’ क्रियापदावरून सुटतो: था असेल तर काल, होगा असेल तर उद्या. मथळ्यात क्रियापद नसले, ‘कल की बैठक’ एवढेच असले, तर तारीख पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक परिच्छेद, दोनदा

मूळ: ‘कल सभी कर्मचारियों को चेतावनी दी गई कि बिना अनुमति अवकाश पर रहने वालों के ख़िलाफ़ कार्रवाई होगी। जिन्हें आपत्ति हो, वे लिखित में दें।’

शब्दाला शब्द: ‘काल सर्व कर्मचाऱ्यांना चेतावणी दिली गेली की विना अनुमती अवकाशावर राहणाऱ्यांच्या खिलाफ कारवाई होईल. ज्यांना आपत्ती असेल त्यांनी लिखितमध्ये द्यावे.’

मराठी: ‘परवानगी न घेता रजेवर राहणाऱ्यांवर कारवाई केली जाईल, असा इशारा काल सर्व कर्मचाऱ्यांना देण्यात आला. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती लेखी द्यावी.’

शब्द पाच-सहाच बदलले, पण वाक्याची दिशाही उलटली. हिंदी ‘कि’ मागे सगळा मजकूर लटकवते. मराठी आधी मजकूर सांगून मग ‘असा इशारा’ म्हणते. बरोबर शब्द घालूनही वाक्य खटकत असेल तर हा ‘की’ शोधा. ‘कार्रवाई’ इथे नशिबाने कारवाईच आहे. तोच शब्द ‘आवश्यक कार्रवाई हेतु प्रेषित’ असा आला तर मराठीत कार्यवाही, कारण तिथे कुणाला शासन करायचे नाही, काम पुढे न्यायचे आहे.

कुठे हात लावू नये

नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते आणि १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. तिथल्या मराठीत ‘करून राहिला’ सारखी हिंदीच्या अंगाने जाणारी रचना पिढ्यान्‌पिढ्या आहे. पात्र नागपूरचे असेल तर ही रचना दुरुस्त करणे म्हणजे पात्राचे गाव पुसणे. बातमीत किंवा पत्रकात मात्र सर्वत्र कळेल अशीच भाषा ठेवावी.

यादी आणि शेवटचे वाचन

प्रत्येक सापडलेला शब्द एका तक्त्यात टाका. रकाने सहा: हिंदी शब्द, त्याचा हिंदी अर्थ, त्याच रूपाचा मराठी अर्थ, हिंदी अर्थासाठीचा मराठी शब्द, मराठीतले लिंग, आणि क्रियापदासह एक पूर्ण मराठी वाक्य. शेवटचा रकाना टाळू नका. क्रियापद सोबत नसेल तर सहा महिन्यांनी ती नोंद उपयोगी पडत नाही. अनेक जण मिळून काम करत असतील तर तक्ता सगळ्यांचा एकच असावा, नाहीतर पहिल्या भागातला इशारा तिसऱ्या भागात चेतावणी होतो.

शेवटचे वाचन शक्यतो हिंदी फारशी न वाचणाऱ्या माणसाकडून करून घ्या आणि त्याला मूळ मजकूर दाखवू नका. ‘कळले का’ असे विचारू नका, कळतेच. वाचता वाचता जिथे मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले तिथे फक्त टिंब द्यायला सांगा, आणि त्या टिंबांवरचे शब्द पुन्हा पहिल्यापासून तपासा.